वाडी, गाव आणि ज्ञानकोश

शिक्रापूरच्या चाकण चौकात सकाळी सहाच्या सुमारास उभे राहिले, की रांजणगाव आणि सणसवाडीच्या कारखान्यांकडे निघालेली पहिल्या पाळीची माणसे दिसतात. कंपनीची बस यायला थोडा वेळ असतो. खांद्याला डब्याची पिशवी आणि हातात मोबाईल. पहाटे उठायचे म्हणून रात्री लवकर अंथरूण धरावे लागते. त्यामुळे हुकलेला मालिकेचा भाग आता चौकातच पाहून होतो. पूर्वी मालिकेची वेळ गाठायला माणूस घरी पळायचा, आता मालिका माणसाची वेळ गाठते.

माझा भाचा मराठी विकिपीडियावर अधूनमधून लिहितो. एकदा याच चौकात चहा घेताना त्याने विचारले, "मामा, अख्खा चौक झी५वर मालिका बघतो. मग झी५चा स्वतंत्र लेख असायला काय हरकत आहे? की झीच्या लेखातच दोन ओळी टाकून भागवायचं?"

मी म्हटले, "चौक बघतो, हे कुणी लिहून ठेवलंय का?"

तो हसला. पण प्रश्न मी थट्टेने विचारला नव्हता. दूरचित्रवाणी वाहिनीच्या 'हवे तेव्हा पाहा' सेवेला, म्हणजे आज ज्याला सरसकट ओटीटी म्हणतात त्या प्रकाराला, ज्ञानकोशात स्वतंत्र नोंद द्यायची की नाही, हे ठरवण्याची किल्ली त्याच प्रश्नात आहे. मराठी वाचकाला आणि लेखकाला लागू पडेल असा काही बोधही त्यातून निघतो.

कागदाची मर्यादा गेली, मग उरले काय?

कोणत्या विषयाला नोंद द्यायची, हा प्रश्न मराठीत नवा नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले. त्यासाठी त्यांनी कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार गोळा केले. छापील प्रत्येक पानामागे पैसा होता. एखाद्या विषयाला जागा द्यायची म्हणजे दुसऱ्याची कमी करायची, असा तो हिशेब. पुढे वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. तिथेही नोंदींच्या याद्या आधी ठरत, कोणती नोंद किती लांबीची हे ठरे, आणि मग ती त्या विषयाच्या जाणकाराकडे जाई. नोंदीखाली लेखकाचे नाव असे.

या दोन्ही कोशांत वाचकाला भरवसा मिळत होता तो माणसांमुळे. केतकरांचे संपादन किंवा विश्वकोशातील तज्ज्ञाची सही, ही त्या मजकुराची हमी होती.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. इथे कागद नाही, त्यामुळे जागेची टंचाई नाही. पण इथे नोंदीखाली तज्ज्ञाची सहीही नाही. लिहिणारा प्राध्यापक असेल, अकरावीतला विद्यार्थी असेल किंवा त्या कंपनीच्या जाहिरात विभागातला नोकरही असेल, वाचकाला ते कळायला मार्ग नाही. मग हमी यायची कुठून? ती बाहेरून आणावी लागते. इतरत्र आधीच छापून आलेल्या, तपासता येणाऱ्या मजकुरातून. ज्या विषयावर असा मजकूर पुरेसा आहे, तो विषय 'उल्लेखनीय'. हा शब्द तिथे पारिभाषिक अर्थाने वापरला जातो. थोर, लोकप्रिय किंवा उपयुक्त असा त्याचा अर्थ नाही. 'ज्याचा इतरांनी नीट उल्लेख केला आहे तो', इतकाच त्याचा अर्थ आहे. मराठी शब्द या बाबतीत मूळ कल्पनेला फार प्रामाणिक आहे.

पंचनाम्याचा न्याय

शेतीच्या बांधावरून तंटा झाला की पंचनामा होतो. त्यात पंच कोण असावेत, हे खेड्यातल्या कुणालाही समजावून सांगावे लागत नाही. दोन्ही बाजूंशी नाते नसलेला, स्वतः जागेवर आलेला आणि ज्याच्या शब्दाला वजन आहे असा माणूस लागतो. ज्ञानकोशाच्या कसोटीत याच तीन गोष्टी मागितल्या आहेत.

पहिली गोष्ट अंतर. लिहिणारा त्या सेवेशी बांधलेला नसावा. वाहिनीचे स्वतःचे संकेतस्थळ, तिचे प्रसिद्धीपत्रक, तिच्या अधिकाऱ्याची मुलाखत, त्याच उद्योगसमूहाच्या वृत्तवाहिनीने दिलेली बातमी, हे सगळे घरचे साक्षीदार. दूरचित्रवाणीच्या बाबतीत हे विशेष जपावे लागते, कारण मोठ्या जाळ्यांकडे स्वतःच्या वृत्तवाहिन्याही असतात.

दुसरी गोष्ट वजन. ज्या प्रकाशनात मजकूर आला, तिथे संपादक आहे का, चूक झाली तर दुरुस्ती छापली जाते का, नावानिशी जबाबदारी घेणारे कुणी आहे का?

तिसरी गोष्ट खोली. लिहिणारा 'जागेवर आला' होता का? 'अमुक चित्रपट आता अमुक सेवेवर उपलब्ध' या वाक्यात सेवेचे नाव आहे, पण सेवेबद्दल काहीच नाही. तिच्या कारभाराचे, यशापयशाचे, समाजावरच्या परिणामाचे विश्लेषण असेल तरच ती साक्ष म्हणायची.

तिन्ही गोष्टी एकाच स्रोतात एकत्र हव्यात. एकाकडून अंतर, दुसऱ्याकडून वजन आणि तिसऱ्याकडून खोली अशी वर्गणी गोळा करून चालत नाही. आणि असा एकच पंच मिळाला तरी भागत नाही, एकमेकांपासून स्वतंत्र असे अनेक लागतात.

पुराव्यासारखे दिसणारे

या कसोटीवर कात्रणे घासायला बसले, की ढीग झपाट्याने खाली येतो. सेवा सुरू झाली, वर्गणीचे दर बदलले, दूरसंचार कंपनीशी करार झाला, नवा मुख्य अधिकारी आला, तिमाहीत ग्राहक वाढले, अशा बातम्या उद्योगजगतात रोजच्याच. त्यांतील माहिती बहुधा कंपनीनेच पुरवलेली असते. दहा वृत्तपत्रांत एकाच दिवशी जवळजवळ एकाच शब्दांत बातमी आली, तर ते दहा पंच नव्हेत. एकच माणूस दहा ठिकाणी सही करून गेला आहे.

महाराष्ट्राला या बाबतीत सावध राहण्याचे खास कारण आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत विविध वृत्तपत्रांत उमेदवारांची स्तुती करणारा एकसारखा मजकूर बातमी म्हणून छापून आला, आणि 'पेड न्यूज' हा शब्द देशभर गाजला. प्रेस कौन्सिलने त्यासाठी उपसमिती नेमून चौकशी केली. त्या प्रकरणाने वाचकाला शिकवले, की छापून आले एवढ्याने मजकूर स्वतंत्र ठरत नाही. मनोरंजनाच्या पुरवण्यांना तर हा नियम दुपटीने लावावा.

दुसरा फसवा पुरावा म्हणजे उसनी प्रतिष्ठा. वाहिनी मोठी, म्हणून तिची सेवा मोठी, हा युक्तिवाद बापाच्या नावावर मुलाला पदवी देण्यासारखा आहे. झीचेच घ्या. झी टीव्ही १९९२ मध्ये सुरू झाली. १९९९ मध्ये आलेली अल्फा मराठी पुढे २००५ मध्ये झी मराठी झाली. मराठी मालिकांच्या इतिहासात या वाहिनीचे स्थान मोठे आहे. सोनी आणि झी यांच्या विलीनीकरणाला भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये तीन वाहिन्या विकण्याच्या अटीवर संमती दिली, आणि जानेवारी २०२४ मध्ये तो करारच मोडला. यावर भरपूर स्वतंत्र लेखन आहे. पण ते कंपनीवर आहे. त्यात मोबाईलवरच्या सेवेचे विवेचन असेल तेवढेच तिच्या खात्यावर जमा करायचे.

ही प्रतिष्ठा खालून वरही चढत नाही. 'गोष्ट एका पैठणीची' या चित्रपटाला ६८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला. त्याच्या निर्मितीत प्लॅनेट मराठीचे नाव होते. म्हणून त्या नावाच्या ओटीटी सेवेवरही आपोआप लेख होतो का? पुरस्कार चित्रपटाचा आहे, नोंदही चित्रपटाची. प्लॅनेट मराठी ही वाहिनीची सेवा नव्हे. मराठीपुरते स्वतंत्र ओटीटी उभे करण्याचा तो प्रयत्न. त्याच्यावर लेख लिहायचा तर त्या प्रयत्नाचा कुणी त्रयस्थाने घेतलेला धांडोळा हवा.

तिसरा फसवा पुरावा तर आमच्या चौकातलाच, 'सगळे बघतात' हा. शिक्रापूरच्या बाजारात रोज शेकडो माणसे ज्या हातगाडीवर वडापाव खातात, तिचीही कोशात नोंद नाही. गर्दी हे नोंदीचे कारण होऊ शकत नाही. गर्दीवर कुणी अभ्यास करून लिहिले, तर होऊ शकते.

वाडी की गाव?

समजा पुरावा थोडा आहे, पण अगदीच नाही असे नाही. मग? इथे दुसरा प्रश्न येतो, आणि माझ्या मते तोच जास्त व्यवहार्य आहे. नोंद द्यायची की नाही, यापेक्षा ती कुठे द्यायची?

आपल्याकडे मोठ्या गावाला वाड्या असतात. वाडीला नाव असते, देऊळ असते, शाळाही असते. तरी तिचे दप्तर मूळ गावातच असते. पुढे वस्ती वाढली, कारभार वाढला, की वाडीला महसुली गावाचा दर्जा मिळतो आणि तिचे दप्तर वेगळे होते. वाडी असण्यात कमीपणा नाही. उलट चार घरांसाठी वेगळे दप्तर मांडले, तर ते ओसाड पडते आणि मूळ गावाच्या दप्तरातही भोक पडते.

ज्ञानकोशातले 'पुनर्निर्देशन' हे असेच. वाचकाने सेवेचे नाव शोधले, की तो वाहिनीच्या किंवा कंपनीच्या लेखातल्या संबंधित परिच्छेदावर येतो. त्याला माहिती मिळते, संदर्भही कळतो. पुढे साहित्य वाढले, तर तो परिच्छेद उचलून स्वतंत्र लेख करता येतो.

आता झीच्या तीन सेवा या नजरेने पाहू. २०१२ मध्ये डिट्टो टीव्ही आली. वर्गणी भरून मोबाईलवर थेट वाहिन्या पाहण्याची ती सोय होती. २०१६ मध्ये ओझी आली, त्यावर झीच्या मालिकांचे भाग मिळत. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी झी५ सुरू झाली आणि आधीच्या दोन्ही सेवा तिच्यात विसर्जित झाल्या. डिट्टो आणि ओझी यांच्या सांगण्याजोग्या गोष्टी चार-सहा वाक्यांत मावतात, आणि त्या झी५च्या इतिहासाचा पहिला अध्याय म्हणूनच अर्थपूर्ण ठरतात. त्या वाड्या.

झी५चे तसे नाही. १३ मे २०२१ रोजी, टाळेबंदीच्या काळात, 'राधे' हा हिंदी चित्रपट तिथे पैसे भरून पाहण्यासाठी आला. त्याच्या चोरट्या प्रती लगेच मोबाईलवरून फिरू लागल्या. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि न्यायालयाने त्या प्रतींचा प्रसार रोखण्याचे आदेश दिले. चित्रपटगृहे बंद असताना मोठा चित्रपट थेट ओटीटीवर आला तर वितरणाचे आणि चोरीचे काय होते, याची चर्चा अनेक ठिकाणी, कंपनीच्या इच्छेबाहेर झाली. ओटीटीला सरकारी नियमांच्या कक्षेत आणणाऱ्या फेब्रुवारी २०२१ च्या नियमांच्या चर्चेतही अशा सेवा तपासल्या गेल्या. न्यायालय, पत्रकार आणि अभ्यासक, तिघेही तिच्या दारात आले. म्हणून ते गाव.

न आलेल्या सेवेचीही नोंद

ही कसोटी आकाराकडे पाहत नाही, याचे सर्वांत बोलके उदाहरण ब्रिटनमधले आहे. बीबीसीची आयप्लेअर ही सेवा डिसेंबर २००७ मध्ये सुरू झाली. त्याआधी बीबीसी ट्रस्टने तिची 'सार्वजनिक मूल्य चाचणी' घेतली होती, म्हणजे लोकांच्या पैशातून ही सेवा काढणे रास्त आहे का, याची जाहीर छाननी. सुरू झाल्यावर इंटरनेट पुरवठादारांनी वाढत्या वाहतुकीचा खर्च कुणी सोसायचा, असा वाद काढला. स्वतंत्र साहित्याचा डोंगर उभा राहिला.

त्याच सुमारास बीबीसीची व्यापारी शाखा, आयटीव्ही आणि चॅनल फोर यांनी मिळून 'कांगारू' नावाची एकत्रित सेवा काढायचे ठरवले. तिथल्या स्पर्धा आयोगाने सविस्तर चौकशी करून फेब्रुवारी २००९ मध्ये तिला मनाई केली. कांगारूचा एकही प्रेक्षक नव्हता. तरी तिच्यावर लेख होऊ शकतो, कारण एका त्रयस्थ संस्थेने तिची बारकाईने तपासणी करून लिहून ठेवले आहे. लाखो प्रेक्षकांची सेवा नोंदीविना राहू शकते आणि शून्य प्रेक्षकांची नोंद होऊ शकते. चौकाचा प्रश्न आणि कोशाचा प्रश्न वेगळे आहेत ते असे.

आपल्याकडे प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी, गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, 'वेव्ज' ही सेवा सुरू केली. दूरदर्शनचा जुना ठेवा तिच्यावर आहे, मराठीसह अनेक भाषा आहेत. पण उद्घाटनाच्या बातम्यांतले भाषांचे आणि वाहिन्यांचे आकडे प्रसार भारतीनेच दिलेले होते. तेवढ्याच बळावर मी तिला प्रसार भारतीच्या लेखात एक चांगला परिच्छेद देईन. दूरदर्शनचा ठेवा तिने कितपत जपला, याची कुणी स्वतंत्र पाहणी केली, की वेगळा लेख करीन.

सेवा मिटते तेव्हा

इथवर हा केवळ नियमांचा काथ्याकूट वाटेल. पण यात मराठीचे खरेच काही पणाला लागले आहे.

ईटीव्ही मराठी २००० मध्ये सुरू झाली, २०१५ मध्ये कलर्स मराठी झाली. तिचे कार्यक्रम २०१६ पासून वूट या सेवेवर मिळू लागले. २०१८ मध्ये बिग बॉस मराठी आले, तेव्हा वूट हे नाव घरोघरी पोचले. २०२३ मध्ये वूट जिओसिनेमात विलीन झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार मिळून जिओहॉटस्टार झाले. दहा वर्षांच्या आत एक नाव आले, गाजले आणि मिटले. छापील पुस्तक बंद पडले तरी कुठल्या तरी ग्रंथालयाच्या कपाटात एक प्रत सापडते. बंद झालेल्या सेवेचे दार उघडत नाही. तिचे मुखपृष्ठ कसे होते, मराठी कार्यक्रमांना त्यात कोणती जागा होती, काय फुकट होते आणि काय पैशाने, हे तिच्याबाहेर कुणी लिहिले असेल तरच उरते.

चित्रपटाच्या बाबतीत आपण हे एकदा सोसले आहे. मूकपटांच्या काळात भारतात हजाराहून अधिक चित्रपट निघाले, आणि त्यांतले फार थोडे आज शिल्लक आहेत. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र'सुद्धा पूर्ण उरलेला नाही. तरी त्या काळाबद्दल आपण बरेच बोलू शकतो. याचे एक कारण म्हणजे १९२७-२८ मधली भारतीय चित्रपट समिती. रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने देशभर फिरून निर्माते, थिएटरवाले, शिक्षक, अधिकारी यांच्या साक्षी नोंदवल्या आणि छापल्या. फिल्म जळाली, पण साक्ष उरली.

उल्लेखनीयता एकदा सिद्ध झाली की ती कायमची असते. विषय बंद पडला म्हणून नोंद रद्द होत नाही. पण ती सिद्ध करणारे लेखन त्या-त्या काळातच व्हावे लागते. मराठी कोशातल्या नोंदीला इंग्रजी किंवा हिंदी स्रोत चालतात, भाषेची अट नाही. मात्र इंग्रजी वृत्तपत्र झी५च्या शेअरबाजारातल्या परिणामाबद्दल लिहील. मराठी मालिका फोनवर आल्याने रात्री आठची एकत्र बैठक मोडली का, रात्रपाळीचा कामगार मालिकेकडे परतला का, मराठी मजकूर या सेवांवर कुठल्या कोपऱ्यात ठेवला जातो, हे तो पत्रकार लिहिणार नाही. ते लिहायचे तर मराठीतच लिहावे लागेल. आपण केवळ प्रसिद्धीपत्रके छापत राहिलो, तर पन्नास वर्षांनी मराठी ज्ञानकोशात या सेवांच्या कंपन्या असतील आणि त्यांचा मराठी प्रेक्षक नसेल.

काशीनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीत स्वतंत्र, संपादित, नावानिशी लेखनाची एक वार्षिक सोय आहे. या अंकांतले अभ्यासपूर्ण लेख हे वर सांगितलेल्या अर्थाने उत्तम पंच ठरू शकतात. अट एवढीच, की लिहिणाऱ्याने जागेवर जावे.

भाच्याला मी शेवटी निकाल सांगितला. झी५चा लेख वेगळा कर, पण कंपनीच्या संकेतस्थळावरचे एकही वाक्य त्याचा आधार म्हणून घेऊ नकोस. डिट्टो आणि ओझी त्यातच इतिहास म्हणून घे. वूट मिटली असली तरी तिची नोंद शोध, बंद दुकानाचाही पंचनामा होतो.

"आणि चौकाचं काय, मामा?" त्याने विचारले.

"चौक विकिपीडियात नाही लिहायचा. तिथे स्वतः पाहिलेलं चालत नाही. चौकातल्या माणसांशी बोल, कोण काय बघतं, केव्हा बघतं ते विचार, आणि कुठल्या तरी संपादकाकडे लेख पाठव. तो छापून आला, की दुसरा कुणीतरी तो आधाराला घेईल."

तेवढ्यात कंपनीची बस आली. मोबाईल खिशात गेले, माणसे चढली, चौक रिकामा झाला. भाच्याने पिशवीतून वही काढली आणि चहावाल्यालाच पहिला प्रश्न विचारला.